चार ग्रामपंचायतींची एक घंटागाडी: एकत्र घ्यायची कशी आणि चालवायची कशी

चौदाशे लोकसंख्येचं गाव घ्या. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी जास्तीत जास्त ६० रुपये धरले होते. म्हणजे या गावाच्या वाट्याला ८४ हजार. त्यात थोड्या कचराकुंड्या आणि खतखड्डे होतात, गाडी होत नाही. आता त्याच रस्त्यावरची आणखी तीन गावं जोडा. लोकसंख्या दहा हजार झाली की तोच हिशेब ६ लाखांवर जातो आणि गाडीचं बोलणं तरी सुरू करता येतं.

महाराष्ट्रात साधारण २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या कितीतरी अशा आहेत की त्यांना यंत्र हवं असतं, पण वर्षातले पंधरा-वीस दिवसच. हा लेख नव्यानं निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांसाठी आणि नव्यानं रुजू झालेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आहे. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं आता या एका नावाखाली आली असली, तरी गावात हाक ‘भाऊसाहेब’ अशीच येते.)

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एकत्र खरेदी करणं हा या कामातला सोपा भाग आहे. डिझेल कोण भरणार, चालकाचा पगार कुठून निघणार, गाडी आज कुठल्या गावात जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर गाडी तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी वखारीमागे उभी राहते. प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचं काय होतं ते आठवा. शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी नीट पोचत नाही, म्हणून ते गाव पट्टी भरत नाही. एकाचं बघून दुसरं थांबतं. वीजबिल थकतं, पंप बंद पडतो आणि नियमानं भरणाऱ्या गावाच्याही नळाला कोरड पडते. योजना बांधायला कोटी रुपये मिळतात, चालवायला कुणीच देत नाही. घंटागाडीचं गणित त्याहून लहान असलं तरी दुखणं तेच.

पहिली पायरी: वाटून वापरण्यासारखं काय, ते ठरवा

साधी कसोटी आहे. ही वस्तू सगळ्या गावांना एकाच दिवशी लागते का? लागत असेल तर ती सामायिक घेऊ नका.

पाण्याचा टँकर हे याचं उत्तम उदाहरण. कागदावर तो वाटून घ्यायला अगदी योग्य दिसतो, कारण वर्षातले आठ-नऊ महिने रिकामाच उभा असतो. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चारही गावांच्या विहिरी एकदमच तळ गाठतात. त्या वेळी ‘आज तुमचा नंबर नाही’ हे वाक्य कुठलाही सरपंच आपल्या गावात बोलू शकत नाही. याउलट गटार साफ करायचं जेटिंग यंत्र, झाडं छाटायची मोटारची करवत, छोटा रोलर, प्लास्टिकचे तुकडे करायचं श्रेडर या वस्तू वाटून वापरायला सोयीच्या, कारण काम दोन दिवस पुढे-मागे झालं तर कुणाचं अडत नाही. धूर फवारणीचं यंत्र मधल्या जागी बसतं. डेंग्यूचे रुग्ण निघाले की सगळे एकदम मागतात, पण पावसाळ्याआधीच फवारणीचं वेळापत्रक लावलं असेल तर निभावतं.

घंटागाडी रोज लागते, पण प्रत्येक गावात तिचं काम दोन-तीन तासांचं. ओला कचरा गावातच खतखड्ड्यात जिरवायचा आणि गाडीनं फक्त सुका उचलायचा, असं ठरवलंत तर ती आठवड्यातून दोनदा आली तरी पुरते. चार गावांना एक गाडी पुरेल की नाही, हे बहुतांशी याच एका निर्णयावर ठरतं.

दुसरा प्रकार नुसत्या एकत्र खरेदीचा. वस्तू ज्याची त्याची, मागणी मात्र एकगठ्ठा. रस्त्यावरचे एलईडी दिवे, मीटर, कचऱ्याचे डबे, पाणी तपासणीचे संच, टोनर, कागद. मोठ्या मागणीनं भाव कसा उतरतो याचा दाखला म्हणून ईईएसएल या सरकारी कंपनीनं घेतलेले एलईडी दिवे सांगतात. २०१४ मध्ये एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपयांच्या घरात होती, ती काही वर्षांत ४० रुपयांच्या खाली आली. त्या काळात एलईडीचे भाव जगभरच घसरत होते, त्यामुळे सगळं श्रेय एकगठ्ठा मागणीला देऊ नये. आणि चार पंचायतींनी मिळून दोनशे दिवे घेतले म्हणून असा चमत्कार होईल अशी आशाही धरू नये. चार पंचायतींच्या मागणीचा खरा फायदा वेगळाच असतो: पुरवठादार माल पोचवायला कां-कूं करत नाही, वॉरंटीत दिवा बदलायला माणूस पाठवतो, आणि सगळीकडे एकाच बनावटीचे दिवे असल्यानं सुटे भाग एकमेकांना देता येतात.

एकगठ्ठा खरेदीत एका वस्तूपासून मात्र सावध राहा: टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. प्रत्येक पंचायतीला पिण्याच्या पाण्यासाठी ती लागतेच, म्हणून एकत्र मागणीच्या यादीत तिचं नाव पहिलं येतं. पण ती साठवणीत मरते. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, खोलीत ओल आली, ऊन लागलं की तो उडत जातो. आरोग्य विभागाच्या तपासणीत २० टक्क्यांच्या खाली गेलेला नमुना निकामी ठरतो. वर्षभराची पावडर एकदम घेऊन भाव पाडला आणि दिवाळीनंतर जलसुरक्षक नुसता चुना पाण्यात टाकतोय, असं होऊ द्यायचं नसेल तर दर वर्षभराचा ठरवा, माल मात्र दोन-दोन महिन्यांनी हप्त्यानं मागवा. पुरवठा आदेशात ‘टप्प्याटप्प्यानं पुरवठा’ आणि प्रत्येक खेपेला उत्पादनाची तारीख तपासण्याची अट घाला.

दुसरी पायरी: सोबती निवडा

नकाशावर जवळची गावं नेहमीच सोयीची असतात असं नाही. मध्ये ओढा असेल आणि पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असेल, तर तीन किलोमीटरवरचं गाव वीस किलोमीटरवर जातं. एकाच डांबरी रस्त्यावरची, एकाच बाजाराला जाणारी गावं घ्या.

त्याहून महत्त्वाचं, भाऊसाहेब कोण आहेत ते बघा. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन छोट्या पंचायतींचा कार्यभार असणं नेहमीचंच आहे. अशा पंचायतींपासून सुरुवात केली तर ठराव, पत्रं, हिशेब यांचा निम्मा व्याप कमी होतो. आपले सरकार सेवा केंद्राचा एकच केंद्रचालक जोड पंचायतींत वाटून घ्यायची पद्धत काही ठिकाणी आधीपासून आहे. तिथे माणूस वाटून घेताना जे ठरलं असेल, ते गाडीच्या बाबतीत पहिला मसुदा म्हणून वापरा. फक्त एक काळजी घ्यायची. पैसे देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही पंचायतींच्या कागदावर एकाच अधिकाऱ्याची सही येणार असेल, तर मोजमाप आणि गाडीची नोंदवही यांवर त्या त्या गावच्या सदस्याची सहीही घ्या. उद्या लेखापरीक्षक पहिलं तेच विचारतील.

शेजारी नगरपरिषद असेल तर तिचं दार जरूर ठोठवा. शहरांनी बांधलेल्या मैला प्रक्रिया केंद्रात अनेकदा क्षमता शिल्लक असते. साताऱ्यात शहराच्या केंद्राची शिल्लक क्षमता आसपासच्या गावांच्या सेप्टिक टाक्यांसाठी वापरात आणली गेली. गावागावांनी स्वतंत्र केंद्र बांधायचं म्हटलं तर ना जागा मिळते ना चालवणारा माणूस. गोव्यात किनारपट्टीच्या पंचायतींचा कचरा साळगावच्या पठारावरच्या प्रकल्पात जातो, तो २०१६ मध्ये सुरू झाला. तिथे गाठ राज्याच्या यंत्रणेशी असते, शेजारच्या पंचायतीशी नव्हे. पण छोट्या पंचायतीनं काय करावं याचं उत्तर तेच येतं: प्रक्रिया एका जागी, गोळा करणं ज्याचं त्यानं.

आपल्याकडे हेच काम तालुक्याच्या प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रानं करायचं असतं. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला अशा एका केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद होती. तुमच्या तालुक्यात ते कुठे आहे, चालू आहे की कुलूपबंद, हे गाडी घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. गावातून प्लास्टिक येत नाही म्हणून केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणून गावं प्लास्टिक जाळतात, असा पेच अनेक ठिकाणी पडतो. तुमच्या चार गावांची गाडी तो सोडवू शकते, पण आधी केंद्र चालवणाऱ्याशी बोलून घ्या. तो कसलं प्लास्टिक घेतो, बांधून घेतो की सुटं, ओलं चालतं का?

तिसरी पायरी: मालकी कुणाची

इथे तीन वाटा आहेत आणि माझं मत तिसरीला आहे.

पहिली वाट, संयुक्त समिती. ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून सामायिक कामासाठी समिती नेमण्याची सोय आहे. पाणीयोजना, मोठा प्रक्रिया प्रकल्प, सामायिक स्मशानभूमी अशा कायमच्या कामांना हीच योग्य. एका गाडीसाठी मात्र हा खटाटोप जड पडतो.

दुसरी, प्रमुख पंचायत. एक पंचायत खरेदी करते, गाडी तिच्या नावावर, बाकीच्या वर्गणी देतात. कागदावर सोपं वाटतं. अडचण पैशाची आहे. वित्त आयोगाचा निधी ज्या पंचायतीच्या आराखड्यातल्या ज्या कामासाठी आला, त्याच कामाच्या पुरवठादाराला तो थेट गेलेला बरा. तो एका पंचायतीच्या खात्यातून दुसऱ्या पंचायतीच्या खात्यात फिरवण्याच्या फंदात पडू नका. आक्षेप निघाला तर दोन्हीकडे निघतो. या वाटेनं जायचंच असेल तर गाडीची किंमत पंचायत समितीनं आपल्या वाट्यातून द्यावी असा प्रयत्न करा. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. अनेक गावांच्या उपयोगाची वस्तू पंचायत समितीच्या वाट्यातून घ्या, हे सभापतींना आणि गटविकास अधिकाऱ्यांना पटवणं तितकं कठीण नाही. त्यांनाही दाखवायला काम हवंच असतं.

तिसरी वाट, मालकी वेगळी आणि वापर सामायिक. मोठ्या गावानं घंटागाडी घ्यायची, दुसऱ्यानं धूर फवारणी यंत्र, तिसऱ्यानं श्रेडर, चौथ्यानं जेटिंग यंत्र. प्रत्येकानं आपल्या आराखड्यातून, आपल्या पैशानं, आपल्या नावावर. मग ठरलेल्या दरानं एकमेकांना द्यायचं. ज्याची वस्तू त्याच्याच नमुना १६ च्या जडवस्तू साठा नोंदवहीत चढते, त्याचाच विमा. भाडं आलं की नमुना ७ ची पावती फाटते आणि रक्कम ग्रामनिधीत जमा होते. कुणाचाच पैसा दुसऱ्याच्या मालमत्तेत अडकत नाही. आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला लागणारी एक तरी वस्तू असल्यानं भांडण विकोपाला जात नाही. तुम्ही गाडी अडवलीत तर आम्ही जेटिंग अडवू, हे न बोलताच सगळ्यांना माहीत असतं.

चौथी पायरी: ठराव आणि आराखडा

चारही पंचायतींच्या मासिक सभेत एकाच मजकुराचा ठराव घ्या. मसुदा एकानं लिहावा आणि बाकीच्यांनी जसाच्या तसा घ्यावा. एका ठरावात ‘घंटागाडी’, दुसऱ्यात ‘कचरा वाहतूक वाहन’ आणि तिसऱ्यात ‘ट्रॅक्टर-ट्रॉली’ असं आलं की पुढे सहा महिने पत्रव्यवहार होतो. ठरावात वस्तू, अंदाजे किंमत, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, वाटणीचं सूत्र आणि करारावर सही कोण करणार, एवढं हवं. सूचक-अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख ही नेहमीची.

मग ग्रामसभा. ‘आमचं गाव, आमचा विकास’च्या आराखड्यात काम नसेल तर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीवर ते काढता येत नाही, आणि जिथे काम नाही तिथे देयक नाही. म्हणून गाडीची कल्पना मार्चमध्ये सुचून उपयोग नाही. पुढच्या वर्षाचा आराखडा बनतो तेव्हा, पावसाळा संपता संपता, ती चारही गावांच्या ग्रामसभांत मांडली गेली पाहिजे. ग्रामसभेत लोक एकच प्रश्न हमखास विचारतात: आपल्या पैशानं त्यांचा कचरा का उचलायचा? उत्तर तयार ठेवा आणि आकड्यांत ठेवा. ते पुढे येतंच आहे.

पाचवी पायरी: पैसा कुठल्या शीर्षातून

वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे) असे दोन भाग असतात. २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के बंधित होता, अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पाण्याला. गाडी, श्रेडर, जेटिंग हे स्वच्छतेच्या बंधितात बसतं. दिवे अबंधितात. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ सुरू झाला, तेव्हा वाटणीची टक्केवारी जुन्या पत्रकावरून न लिहिता पंचायत समितीतून ताजं पत्र घेऊनच लिहा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात या कामांना ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के वित्त आयोगाचे, अशी सांगड होती.

चालकाचा पगार मात्र अबंधितात बसत नाही. पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून करायचा नसतो. तो स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि स्वच्छता कर यांतून येतो. स्वनिधीतले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला ठेवायचे असतात, त्यांना हात लावता येत नाही. हे वजा करून जे उरतं त्यातून वर्षभराचा वाटा निघतो का, हे प्रत्येक पंचायतीनं मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीवर बघावं. मागणी नोंदवहीतला आकडा घेऊ नका, वसूल झालेला घ्या.

सहावी पायरी: प्रत्यक्ष खरेदी

वस्तू घ्यायची तर पहिलं दार जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल. केंद्रानं ते ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केलं. पंचायतींची देयकं ज्या ई-ग्रामस्वराजमधून निघतात ती प्रणाली २४ एप्रिल २०२३ ला, राष्ट्रीय पंचायती राज दिनी, जेमशी जोडली गेली. राज्याच्या खरेदीचे नियम उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयासोबतच्या नियमपुस्तिकेत आहेत. ती एकदा शांतपणे वाचा. निम्म्या शंका तिथेच मिटतात. थेट खरेदी, दरपत्रकं आणि ई-निविदा यांच्या रकमेच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं, म्हणून त्या वर्षीचा निर्णय समोर ठेवूनच कार्यपद्धती ठरवा.

एकत्र खरेदीला लोक बिचकतात त्याचं खरं कारण इथे आहे, आणि ते कुणी उघड बोलत नाही. एकेकट्या पंचायतीची मागणी दरपत्रकावर भागते. चौघींची बेरीज केली की ती ई-निविदेच्या मर्यादेपलीकडे जाते, वेळ लागतो, कागद वाढतात. म्हणून ‘आपण ठरवू एकत्र, पण घेऊ वेगळं’ असा सल्ला मिळतो. मागणी एकत्र ठरवून मर्यादा चुकवण्यासाठी आदेश वेगळे काढणं म्हणजे खरेदीचे तुकडे पाडणं, आणि लेखापरीक्षणात हा आक्षेप हमखास लागतो. एकत्र घ्यायचं ठरलं असेल तर एकत्र रकमेची कार्यपद्धती पाळा, महिनाभर उशीर सोसा.

जेमवर एकाच बिडमध्ये (निविदेत) माल स्वीकारणारे अनेक पत्ते आणि प्रत्येकाची संख्या देता येते. दिवे किंवा डबे घेताना याचाच उपयोग करा: मागणी एक, दर एक, माल थेट चार गावांत. प्रत्येक गावात माल मोजून घेणारा माणूस आधी ठरलेला हवा, कारण माल पोचल्यावर तो तपासून स्वीकृतीचं प्रमाणपत्र द्यायला साधारण दहा दिवसच मिळतात. त्या मुदतीत दिवे खांबावर चढवून, लावून बघा. खोकी मोजून सही करू नका.

तांत्रिक तपशील स्वतः लिहा. कुणी तयार तपशील पेनड्राइव्हवर घेऊन आला, तर तो कुठल्या तरी एकाच पुरवठादाराच्या मापानं शिवलेला आहे असं समजून चाला. गाडीसाठी लिहायचं ते असं: किती घनमीटरची पेटी, ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे, हायड्रॉलिक उचल, चढावर भरलेली चालते का, आणि सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर. शेवटची अट सगळे विसरतात.

अडीच लाखांच्या वर करपात्र पुरवठ्याचा करार असेल तर देयकातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापून भरावा लागतो. त्यासाठी पंचायतीची वेगळी नोंदणी लागते. ती आदेश काढण्याआधी करा.

आणि वरून आलेल्या एकत्र खरेदीबद्दल थोडं. ‘सर्व पंचायतींनी अमुक वस्तू अमुक पुरवठादाराकडून घ्यावी’ असा तोंडी निरोप कधी कधी येतो. निधी तुमचा, ठराव तुमचा, आणि आक्षेपही तुमच्याच नावावर निघतो. एकत्र खरेदीची गरज गावांकडून वर गेली पाहिजे. निरोप आलाच तर लेखी पत्र मागा. पत्र मागितलं की बरेचसे निरोप तिथेच थांबतात.

सातवी पायरी: खर्चाची वाटणी

आता ग्रामसभेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर. समजा चार गावं, लोकसंख्या ४२००, २६००, १८०० आणि १४००. गाडी ७ लाखांची, सात वर्षं चालेल असं धरू. वर्षाचा खर्च:

चालक १ लाख ४४ हजार, मदतनीस १ लाख ८ हजार, डिझेल ९६ हजार, विमा-टायर-दुरुस्ती ५२ हजार आणि नव्या गाडीसाठी बाजूला १ लाख. एकूण ५ लाख. (पगाराचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, प्रत्यक्षात तुमच्या भागातला किमान वेतनाचा दर लावा.)

माणशी ५० रुपये वर्षाला. पाच माणसांच्या घराला अडीचशे, म्हणजे महिन्याला एकवीस रुपयांच्या आत. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा.

निव्वळ लोकसंख्येवर वाटलं तर वाटे २ लाख १० हजार, १ लाख ३० हजार, ९० हजार आणि ७० हजार असे येतात. पण सगळ्यांत छोटं गाव सगळ्यांत लांब असेल आणि गाडीच्या एकूण धावेतली ३० टक्के धाव त्याच्यासाठी होत असेल, तर मोठं गाव कुरकुरणार. मग डिझेल तेवढं किलोमीटरवर वाटा आणि बाकीचे ४ लाख ४ हजार लोकसंख्येवर. छोट्या गावाचे ५६,५६० अधिक डिझेलचे २८,८००, मिळून ८५,३६०. पंधरा हजारांनी वाढले. मोठ्या गावाची धाव २५ टक्के असेल तर त्याचे १,९३,६८०, म्हणजे सोळा हजारांनी कमी. मला हे मिश्र सूत्र न्याय्य वाटतं. तरी पहिल्या वर्षी नुसती लोकसंख्या धरा, कारण किलोमीटर किती ते कुणालाच माहीत नसतं. वर्षभराची गाडीची नोंदवही हातात आल्यावर सूत्र बदला, आणि ‘पहिल्या वर्षानंतर सूत्राचा फेरविचार’ हे करारातच लिहून ठेवा.

‘नव्या गाडीसाठी बाजूला’ या ओळीवर सगळे काट मारायला बघतात. ती एक ओळ वाचवा. तिचं वेगळं बँक खातं असावं.

आठवी पायरी: करार आणि रोजचं चालवणं

करार दोन पानांचा पुरतो. वस्तू कुणाच्या नावावर, मुक्कामाला कुठे, कुठल्या वारी कुठलं गाव, वाटा किती आणि कधी, थकला तर काय, बिघाड झाला तर कुणी किती रकमेपर्यंत न विचारता दुरुस्ती करायची, विमा कोण उतरवणार, वाद झाला तर कुणाकडे जायचं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर गटविकास अधिकारी हे ठीक. हप्ता तिमाही आणि आगाऊ घ्या. वर्षअखेर घेतलात तर मार्चमध्ये सगळ्यांचीच ओढाताण असते. दोन तिमाही थकले की त्या गावाची फेरी बंद, ही अट स्पष्ट शब्दांत. फेरी बंद करण्याआधी त्या गावाला पंधरा दिवसांची लेखी सूचना.

गाडीत नोंदवही ठेवा. तारीख, निघताना आणि परतताना किलोमीटर, गाव, कचरा अंदाजे किती, गावातल्या एका माणसाची सही. चालकाला हे रोज लिहायला कंटाळा येतो, म्हणून महिन्याच्या डिझेलचं देयक ही वही बघितल्याशिवाय मंजूर करू नका. वाहन परवाना, फिटनेस आणि विमा यांच्या तारखा कार्यालयाच्या भिंतीवर लावा. विमा संपलेल्या गाडीनं अपघात केला तर भरपाईचा बोजा मालक पंचायतीवर येतो, वाटेकऱ्यांवर नाही. मालक पंचायतीनं हा धोका वाट्यात धरून घ्यावा.

दर तिमाहीला चार सरपंच आणि भाऊसाहेब एकदा बसा. तासभर पुरतो. बैठक दर वेळी वेगळ्या गावात ठेवा, म्हणजे कुणाच्या उकिरड्याची काय अवस्था आहे ते आपोआप दिसतं.

पंचायतीची मुदत पाच वर्षांची, आणि चार गावांच्या निवडणुका एकाच वेळी होतील असं नाही. नवे सरपंच आले की त्यांची डिजिटल स्वाक्षरी नोंदवून देयकं सुरू व्हायला वेळ लागतो. मध्ये प्रशासक आला तरी तसंच. म्हणून निवडणुकीच्या आधीच्या तिमाहीत पुढच्या दोन हप्त्यांचं आगाऊ देयक काढायची सोय करारात ठेवा. नव्या बॉडीला करार पहिल्याच मासिक सभेत वाचून दाखवा आणि कायम केल्याचा ठराव घ्या. नाहीतर ‘हे जुन्यांनी केलं’ म्हणून हप्ता अडतो.

बाहेर पडायचं असेल त्या गावानं सहा महिने आधी लेखी कळवावं. वस्तूत भांडवल घातलं असेल तर घसारा वजा करून त्याचा वाटा परत, आणि तो नव्या गाडीच्या खात्यातून द्यायचा नाही. गाडी निकामी झाली की तिचं रीतसर निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणं), मग जाहीर लिलाव, आणि आलेली रक्कम वाट्याच्या सूत्रानं. लिलावाची सूचना चारही गावांच्या फलकांवर लावा, चारही भाऊसाहेबांकडून पोच घ्या.